इंग्रजीतले अनवट शब्द: दंतकथा, पुरावा आणि मुंबई बंदर

अक्षरमित्र (धागाकर्ता), गिरगाव

मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअर या धक्क्याचा विषय निघाला की कोणी ना कोणी 'पॉश' या शब्दाची गोष्ट सांगतोच. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर धनिक उतारूंना येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन हवी असे, कारण त्या बाजूला ऊन कमी लागे. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर छापली जात आणि त्यांचाच पुढे 'पॉश' झाला, अशी ती गोष्ट. भूगोल अगदी चोख आहे. पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला येते आणि सूर्य तळपतो तो दक्षिणेकडून. अडचण एवढीच की अशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेले नाही आणि ही गोष्ट छापील स्वरूपात अवतरते ती १९३० च्या दशकात, म्हणजे शब्द चांगला रुळल्यानंतर. त्याच्या कितीतरी आधी लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर पैसा असा अर्थ होता, आणि तो रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छानछोकीत राहणाऱ्या माणसालाही 'पॉश' म्हटल्याचे आढळते. आजच्या अर्थाचा उगम या दोहोंपैकी एकात असावा. बोटीच्या केबिनीत नसावा.

शब्दांच्या जन्मकथांबाबत माझे मत असे झाले आहे की गोष्ट जितकी घोटीव, तितकी तिची तारीख आधी तपासावी. आद्याक्षरांवरून शब्द तयार होण्याची पद्धत विसाव्या शतकापूर्वी इंग्रजीत जवळजवळ नव्हती, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगू लागला की सावध झालेले बरे. दुसरीकडे, खऱ्या व्युत्पत्ती कित्येकदा दंतकथांपेक्षा अधिक चमत्कारिक निघतात. इंग्रजीत तपासाचा दुवा या अर्थाने वापरतात तो 'क्लू' हा शब्द मुळात सुताच्या गुंडीसाठी होता. क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात शिरलेल्या थीसियसला आरियाडनीने सुताची गुंडी दिली, ती उलगडत तो आत गेला आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर आला, या ग्रीक कथेवरून गुंडीला 'वाट दाखवणारी खूण' हा अर्थ चिकटला. आता आपल्या वर्तमानपत्रांतल्या गुन्हेवार्ता आठवून पाहा: 'पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले.' मराठीला ही कल्पना सुचण्यासाठी क्रीटला जावे लागले नाही.

'टँक' हा शब्दही असाच. सतराव्या शतकात पश्चिम भारतात वावरणारे इंग्रज तलावाला, दगडात खोदलेल्या पाणीसाठ्याला हा शब्द वापरत. कान्हेरीच्या लेण्यांत किंवा रायगडावर आपण ज्याला टाके म्हणतो, त्याच टाक्याचे गुजराती-मराठी रूप आणि पोर्तुगीजांचा 'तांक' हे दोन्ही त्यात मिसळले असावेत, असे कोशकार मानतात. कोणाचा वाटा किती, यावर त्यांचे एकमत नाही. गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे मुंबईकरांच्या तोंडी अजून आहेत, जरी तिथे पाणी उरलेले नसले तरी. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये चिलखती रणगाडा गुप्तपणे तयार होत होता, तेव्हा त्या लोखंडी धुडाला पाण्याची टाकी म्हणून खपवावे असे ठरले. १९१५ च्या अखेरीस हे फसवे नाव पक्के झाले आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते यंत्र पहिल्यांदा रणांगणावर उतरले. गच्चीवरची टाकी आणि सीमेवरचा रणगाडा यांची अशी सोयरीक आहे.

या धाग्यात मुंबईशी, पश्चिम किनाऱ्याशी किंवा मराठीशी नाते असलेल्या अशाच इंग्रजी शब्दांवर लिहावे, ही विनंती. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा १८८६ चा कोश अनेकांच्या वाचनात असेल. त्याच्या नावातच एक व्युत्पत्ती दडलेली आहे: मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसैन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. मात्र शब्द मांडताना तो लेखी स्वरूपात कधीपासून सापडतो, हेही जमेल तिथे लिहावे.

दांडीवरचा बोंबील, वेसावे

मग सुरुवात आमच्यापासूनच व्हायला हवी. बोंबलाला इंग्रज 'बॉम्बे डक' का म्हणतात, याची जी कथा दर वर्षी कोणी तरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ती अशी: सुक्या बोंबलाची पोती टपाल नेणाऱ्या गाडीतून जात, त्या 'बॉम्बे डाक'ला बोंबलाचा वास येई, आणि वास आला की गोरे लोक 'डाक आली' म्हणत, त्या डाकेचा 'डक' झाला. ज्यांनी सुका बोंबील कधी घरात आणला आहे, त्यांना या कथेतला वास पटतो आणि बाकीचे सगळे आपोआप पटते.

वास्तविक इंग्रजांना या माशाचे खरे नाव फार आधीपासून ठाऊक होते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबईत होता. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात माझगावचा उल्लेख मासेमारीचे मोठे गाव म्हणून येतो आणि तिथल्या 'बंबेलो' नावाच्या माशावर गरीब लोकांचे पोट चालते, असे तो लिहितो. हा 'बंबेलो' म्हणजे सरळसरळ बोंबील. इंग्रजी कोशांत 'बमेलो' असा वेगळा शब्दही त्यातून आला आणि अजून आहे.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ओला बोंबील पाण्याने इतका भरलेला असतो की तो टिकवायचा तर सुकवण्यावाचून गत्यंतर नाही. डोलीच्या जाळ्यातून आलेले बोंबील धुऊन, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर ओळीने टांगतात. जबड्यातले बारीक दात असे रुततात की वारा कितीही असला तरी जोडी सुटत नाही. त्या रांगा पाहून एखाद्या गोऱ्याला बदक कसे आठवले, हे मात्र आमच्या वाड्यात कोणीही सांगू शकणार नाही.

रूळप्रेमी, कल्याण

बोंबील दादा, आपल्या संशयाला तारखांचा आधार देतो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे कलकत्त्याकडे जाणाऱ्या टपालगाडीची जी गोष्ट सांगतात, ती १८७० च्या आधीची असूच शकत नाही. 'बॉम्बे डक' हा शब्दप्रयोग मात्र पहिली गाडी धावण्याच्याही आधी छापलेला सापडतो. गाडीच्या आधीच गाडीचा वास आला, असे मानायचे असेल तर गोष्ट निराळी.

घाटावरचा वाचक, परळ

रूळप्रेमी यांनी डाक म्हणजे फक्त रेल्वे असे गृहीत धरले आहे, ते पटत नाही. रेल्वे येण्यापूर्वीही डाक होतीच. हरकारे आणि घोडे टप्प्याटप्प्याने टपाल नेत. त्या डाकेबरोबर सुके बोंबील जात असतील तर? तारखेने आगगाडी बाद होते, डाक बाद होत नाही.

अक्षरमित्र (धागाकर्ता)

आक्षेप रास्त आहे. पण हरकाऱ्याच्या थैलीत चिठ्ठ्यांच्या वजनाचाही हिशेब होत असे, तिथे बोंबलाची पोती कोण लादणार? शिवाय आणखी एक जुना धागा आहे. कंपनीच्या राज्यात तिन्ही इलाख्यांच्या गोऱ्यांना टोपणनावे होती. बंगालवाल्यांना 'क्वाय-हाय' म्हणत, कारण ते नोकराला 'कोई है?' अशी हाक मारत. मद्रासवाल्यांना 'मल्स' म्हणत, ते तमिळ 'मिळगु-तण्णी'वरून, म्हणजे मिरपाण्यावरून आलेल्या 'मलिगटॉनी' सारामुळे. आणि मुंबईवाल्यांना 'डक्स'. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८०३ सालच्या लेखनात हे 'डक्स' आलेले आहेत. यूल यांच्या मते माणसांचे हे नाव माशावरून पडले. तसे असेल तर माशाला 'डक' म्हणण्याची रीत १८०३ पेक्षाही जुनी ठरते. डाकेची कथा रचणाऱ्याला एवढे मागे जायचे असेल, तर त्याने त्या काळातला एखादा कागदही आणायला हवा.

नाशिककर, सध्या डोंबिवली

आमच्या देवळालीचा शब्द कोणी घेण्यापूर्वी मीच घेतो. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. इंग्लंडमध्ये आजही हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे नाशिक रोडच्या अलीकडचे स्टेशन आहे याची गंधवार्ता नसते.

मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर, देवळालीला १८६१ मध्ये ब्रिटिश फौजेची छावणी झाली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाण्यापूर्वी तिथे आणून ठेवत. त्यांना नेणाऱ्या बोटी मुंबईहून हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत नेमकी मार्चअखेरीस संपे, त्याला उन्हाळा आणि सगळा पावसाळा तिथे काढावा लागे. कामगिरी नाही, लढाई नाही, कवायतीत कोणाला रस नाही आणि घर डोळ्यांसमोर. दारू, मारामाऱ्या आणि आजारपण हे ओघाने आलेच. त्यातून एखाद्याचे ताळतंत्र सुटले की सोबती म्हणत, याला 'डुलाली टॅप' झाला.

यातला 'टॅप' म्हणजे डोक्यावर मारलेली टपली असे पुष्कळ इंग्रज समजतात. तो आपला ताप आहे. देवळालीचा ताप. पुढे ताप गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे मागे राहिले. गावाच्या वतीने एवढेच नोंदवतो की आमच्याकडची हवा उत्तम आहे आणि क्षयरोग्यांना लोक मुद्दाम तिथे हवापालटासाठी पाठवत असत.

खारेगाव फाटक, ठाणे

नाशिककर, आपण एकटे नाही. 'याला आता ठाण्याला पाठवायला हवे' हे मुंबईत आणि 'येरवड्याला पाठवा' हे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि ठाणेकरांनी ते निमूटपणे सोसले आहे. तुमच्या गावाचे निदान ऑक्सफर्डच्या कोशात नाव आहे.

जीर्ण पान, दादर

कापडाचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. 'डंगरी' हे जाड निळ्या कापडाचे, कामगार घालतात त्या पोशाखाचे नाव मुंबईतल्या डोंगरीवरून पडले, असे आपण ऐकतो. धागाकर्त्यांच्या कसोटीप्रमाणे ही गोष्ट संशयास घेण्याइतकी घोटीव आहे, परंतु तिला एक बळकट साक्षीदार आहे. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'डोंगरी कापड' अशी नोंद आहे. डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या साध्या गावठी कापडाला मुळात हे नाव होते, नंतर कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला ते लागू झाले, आणि 'डंगरी' हे त्याचेच अपभ्रष्ट रूप, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. डोंगरी हा शब्द अर्थातच डोंगरावरून. लहानशी टेकडी तिथे होती. तो किल्ला आणि ती टेकडी इंग्रजांनीच उडवली आणि १७६९ मध्ये तिथे फोर्ट जॉर्ज बांधला. त्याही किल्ल्याचा आता सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात भिंतीचा एक तुकडा उरला आहे, सीएसएमटीहून पी. डिमेलो रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्याकडे मान वळवून पाहत असतील.

मोल्सवर्थ यांच्यासारखा काटेकोर माणूस सांगतो म्हणून मी ही व्युत्पत्ती ग्राह्य धरतो. त्यांचे मराठी शब्द लोकांच्या तोंडून टिपलेले होते, ऐकीव विलायती गप्पांतून घेतलेले नव्हते.

घाटावरचा वाचक, परळ

मोल्सवर्थ यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण वर ज्याचा उल्लेख झाला तोच फ्रायर 'डंगरी' कापडाचे नाव घेतो तेव्हा मुंबईचे नाव घेत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो याची यादी देताना तो लिहितो की डंगरी आणि सर्वांत वजनदार मिरी ही कारवारची. म्हणजे मोल्सवर्थ यांच्या दीडशे वर्षे आधी हे नाव कारवारच्या मालाला चालत होते. डोंगरीच्या बाजारातला माल कारवारपर्यंत नाव कमावून बसला होता की नाव आधीचेच होते आणि मुंबईच्या लोकांनी ते आपल्या डोंगरीला जोडून घेतले, हा प्रश्न उरतोच. परळमध्ये गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला डंगरी मुंबईचीच असावी असे वाटते, हे वेगळे सांगायला नको.

जीर्ण पान, दादर

प्रश्न योग्य आहे. फ्रायरची ओळ नावाचे वय सांगते, नाव कशावरून पडले ते सांगत नाही. मोल्सवर्थ कारण सांगतात, पण उशिरा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून 'बहुधा डोंगरी' इतकेच म्हणता येईल, आणि मी तेवढेच म्हणतो.

सायनची मावशी

बाळांनो, किल्ले आणि छावण्या झाल्या असतील तर जरा दिवाणखान्यात या. सोफ्याच्या पुढे जे बुटके टेबल असते, त्याला तुम्ही काय म्हणता? टीपॉय. आणि तो इंग्रजी शब्द आहे असे समजून म्हणता. मी शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा मुलांना हे सांगितले की वर्गात हमखास गलका होई.

ती आपली तिपाई आहे. तीन पायांची म्हणून तिपाई, चार पायांची म्हणून चारपाई. साहेबांनी तिपाईचे 'टीपॉय' केले आणि ती विलायतेला नेली. तिथल्या लोकांना त्यात 'टी' ऐकू आला, तेव्हा तिचा चहाशी संबंध असणारच असे त्यांनी ठरवले. लंडनच्या दुकानांत तर पायांवर उभ्या केलेल्या चहाच्या पेटीलाच 'टीपॉय' म्हणून विकू लागले. मग तोच शब्द इंग्रजी वेष घालून आपल्याकडे परत आला, आणि आपण त्यावर चहाचे कप ठेवून त्यांचा गैरसमज खरा करून दाखवला. माझ्या घरातल्या टीपॉयला पाय चार आहेत, हे जाता जाता सांगते.

'ताडी'चेही तसेच. ताडाच्या झाडाची ताडी, तिची 'टॉडी' झाली, आणि स्कॉटलंडमध्ये थंडीच्या दिवसांत व्हिस्कीत गरम पाणी आणि साखर घालून जे पितात त्यालाही टॉडीच म्हणू लागले. तिथे ताडाचे झाड औषधालाही सापडायचे नाही.

मूळपुरुष, विलेपार्ले

धागा वाचनीय आहे, परंतु आपण सगळे फुटकळ शब्दांत अडकलो आहोत असे वाटते. 'नेम' म्हणजे नाम, 'डॉटर' म्हणजे दुहितृ, 'डेंटिस्ट'मधला 'डेंट' म्हणजे दंत. इंग्रजीचा पायाच संस्कृतातून गेलेला आहे, हे स्पष्टपणे का म्हणू नये?

अक्षरमित्र (धागाकर्ता)

मूळपुरुष, उसने घेतलेला शब्द आणि नात्यातला शब्द यांत फरक करणे आवश्यक आहे. 'लूट', 'टीपॉय', 'मुंगूस' हे शब्द इंग्रजीने ऐतिहासिक काळात, कोणाकडून तरी, कोणत्या तरी बंदरात घेतले. त्यांचा प्रवास दाखवता येतो. 'नाम' आणि 'नेम' यांचे तसे नाही. ते एकमेकांपासून निघालेले नसून दोघांच्याही मागे असलेल्या एका लुप्त पूर्वज भाषेतून आलेले आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत नेमके हेच मांडले: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाने होण्यासारखे नाही आणि त्यांचे मूळ एकच असले पाहिजे, जे कदाचित आता अस्तित्वात नसेल. संस्कृत ही या घराण्यातली मोठी बहीण ठरते, आई ठरत नाही.

आणि नुसत्या साम्यावर किती विसंबावे याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्रजी 'बॅड' आणि 'बदनाम', 'बदफैली' यांतला फारसी 'बद' यांचा उच्चार जवळचा, अर्थ तर एकच. तरीही दोघांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही.

मूळपुरुष, विलेपार्ले

बहीण म्हणा की आई म्हणा, घर आमचेच राहते. बाकी 'बद'चे उदाहरण चांगले आहे.

रूळप्रेमी, कल्याण

अभिमानाचा विषय निघालाच आहे, तर उलट दिशेचा एक शब्द नोंदवतो. मुंबईत डबेवाल्यांवर परदेशी पाहुणे काही लिहू लागले की 'टिफिन' हा खास भारतीय शब्द म्हणून येतोच. तो भारतीय नाही. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये इंग्लंडच्या अशिष्ट बोलीचा जो कोश छापला, त्यात 'टिफिंग' म्हणजे जेवणाच्या वेळेखेरीज खाणेपिणे असा अर्थ दिला आहे. तिकडे तो शब्द लोप पावला; इकडे आलेल्या इंग्रजांनी दुपारच्या फराळासाठी तो जपला, आणि मग तो आपल्याकडे स्टीलच्या डब्याला जाऊन चिकटला. ज्यांच्या खांद्यावर तो सगळा भार असतो, ते लोक मात्र त्याला डबाच म्हणतात.

दांडीवरचा बोंबील, वेसावे

धागाकर्त्यांनी वर मुंगुसाचे नुसते नाव घेऊन सोडले आहे. ते मराठीतूनच गेले का?

जीर्ण पान, दादर

इंग्रजी कोश 'मंगूस'चे मूळ मराठी मुंगूस असेच देतात, आणि मराठीत ते बहुधा तेलुगू-कन्नडच्या 'मुंगिस' परिवारातून आले. गंमत पुढेच आहे. इंग्रजीत हंसासारख्या त्या पक्ष्याला 'गूस' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन 'गीस' होते. त्यामुळे मुंगुसांचे अनेकवचन 'मंगीस' करावे की 'मंगूसेस', यावर इंग्रज माणूस आजही क्षणभर अडखळतो. व्याकरणाला अनुसरून उत्तर 'मंगूसेस' आहे, कारण आपल्या मुंगुसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. घुशीचे नावही असेच दूर गेले: तेलुगूत 'पंदि-कोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर, त्याचे इंग्रजांनी 'बँडिकूट' केले, आणि पुढे ऑस्ट्रेलियात पोटाला पिशवी असलेला एक निराळाच प्राणी दिसला, तेव्हा त्यालाही तेच नाव देऊन मोकळे झाले. क्रॉफर्ड मार्केटच्या गटारातल्या घुशीला हे कळले तर ती काय म्हणेल, कोण जाणे.

सायनची मावशी

मला एक शब्द विचारायचा आहे. घारापुरीला 'एलिफंटा' म्हणतात ते तिथल्या दगडी हत्तीवरून, एवढे मला माहीत आहे; पोर्तुगीजांनी ते नाव दिले आणि तो हत्ती आता राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पण जुन्या इंग्रजी लेखनात 'एलिफंटा' नावाचे वादळ येते असे कोणीतरी म्हणाले. त्याचा या बेटाशी काही संबंध आहे का?

अक्षरमित्र (धागाकर्ता)

मावशी, आपण या धाग्यातला माझा सर्वांत आवडता शब्द काढलात. बेटाशी त्याचा संबंध नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा संपता संपता विजांसह जी शेवटची वादळे येतात, त्यांना पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून इंग्रज खलाशी 'एलिफंटा' म्हणत. हॉब्सन-जॉब्सनची दुसरी आवृत्ती विल्यम क्रूक यांनी १९०३ मध्ये काढली. तिच्यात याचे मूळ हस्त नक्षत्रात असल्याचे म्हटले आहे. हस्त म्हणजे खरे तर हात. पण उत्तरेत त्याला 'हथिया' म्हणतात आणि लोकांच्या मनात ते हत्तीचे नक्षत्र होऊन बसले आहे. किनाऱ्यावरच्या कोणाकडून तरी पोर्तुगीजांनी 'हत्तीचा पाऊस' ऐकला आणि हत्तीचे भाषांतर करून टाकले.

आपल्याकडे याचा पडताळा घरोघरी आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात जातो, त्या सुमारास मुली भोंडला किंवा हादगा खेळतात आणि पाटावर मधोमध हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. हस्ताचा पाऊस गडगडाटी असतो, हे गावाकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. इंग्रजीत हा शब्द आता मृतप्राय आहे. वाफेची जहाजे आली, शिडांची गरज संपली आणि पावसाळा उठण्याची वाट पाहत बंदरात थांबणारे खलाशीही राहिले नाहीत.

नाशिककर, सध्या डोंबिवली

हे वाचून आईला फोन केला. ती म्हणाली की त्यांच्याकडे पाटावर हत्ती खडूने न काढता धान्याने भरत. 'एलिफंटा' वादळाबद्दल मात्र तिचे मत असे पडले की साहेबाला हत्ती समजला, हेच पुष्कळ झाले.

घाटावरचा वाचक, परळ

'जिमखाना' राहिला. कॉलेजात फीच्या पावतीवर जिमखान्याचे वेगळे पैसे घेतात, शिवाजी पार्कापासून मरीन ड्राइव्हपर्यंत जिमखान्यांची रांग आहे, आणि बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला. हा शब्द फारसीही वाटतो आणि इंग्रजीही. नेमका कोणाचा?

अक्षरमित्र (धागाकर्ता)

दोघांचा, आणि म्हणून कोणाचाच नाही. यूल आणि बर्नेल यांनी तो बनावट शब्द ठरवला आहे. त्यांच्या मते तो मुंबई इलाख्यात रचला गेला असावा. रॅकेट खेळण्याच्या जागेला हिंदुस्थानीत 'गेंदखाना' म्हणत. त्यातला 'गेंद' काढून तिथे 'जिमनॅस्टिक्स'चा 'जिम' बसवला. मजा अशी की मुंबईवर बोट ठेवूनही त्यांना सापडलेला सर्वांत जुना वापर १८६१ चा आणि रुडकीचा आहे. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, म्हणजे त्यानंतरचा. विलायतेत हा शब्द पोहोचल्यावर त्याचा अर्थ पार आक्रसला. तिथे आज 'जिमखाना' म्हणजे लहान मुलांच्या तट्टांवरच्या शर्यती आणि खेळ. तिथल्या एखाद्या आईला इथे वर्गणी भरून लोक पत्ते खेळायला जिमखान्यात जातात असे सांगितले, तर ती तट्टू कुठे बांधता असे विचारील.

जीर्ण पान, दादर

रुडकीचा उल्लेख एका फौजी अधिकाऱ्याने सांगितलेल्या माहितीवर आधारलेला आहे, असे त्याच नोंदीत म्हटले आहे. मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे १८६१ पूर्वीचे अंक इथल्या, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात कोणी पाहिले असतील, तर इथे लिहावे. क्लबांच्या जाहिराती आणि शर्यतींची निमंत्रणे ज्या पानांवर छापत, तिथून सुरुवात करणे सोपे जाईल.